नातवंडं आजी-आजोबांकडे ठेवताना: नाशिकच्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मी इंदिरानगरला पाळणाघर चालवते. मुलांना सोडायला कधी आई येते, कधी आजोबा येतात, आणि मनातलं बरंचसं दारातच बोललं जातं. सुना बोलतात, सासवाही बोलतात. खालचे प्रश्न दोन्ही पिढ्यांकडून आलेले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. नातवंड सांभाळण्यात माया असतेच, पण ते रोजचं, अंगमेहनतीचं कामही आहे. काम म्हणून त्यावर उघड बोलणं झालं नाही की ताण शेवटी मायेवरच येतो.

घरात आजी असताना पाळणाघर कशाला, असं सगळे विचारतात. काय सांगायचं?

आजीच्या सहवासात वाढणारं मूल भाग्यवान, हे मी पाळणाघर चालवूनही मनापासून म्हणते. प्रश्न फक्त किती तास, एवढाच आहे. रांगणाऱ्या मुलामागे सकाळी आठ ते संध्याकाळी सात उठबस करणं साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि आजी ते कबूल करत नाही. आमच्याकडे बरीच मुलं अर्धा दिवस असतात. दुपारी जेवून घरी जातात, आजीजवळ झोपतात, उठल्यावर तिच्यासोबत बागेत जातात. आजीचा सकाळचा वेळ तिचा राहतो, पूजा-स्वयंपाक निवांत होतो. ज्यांना खासगी पाळणाघर परवडत नाही त्यांनी आधी जवळच्या अंगणवाडीत चौकशी करावी. तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथे काही तास बसता येतं. सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांची सोय आहे, पण ती सगळीकडे नाही, म्हणून तुमच्या भागात आहे का ते अंगणवाडी ताईंनाच विचारा.

सुरुवात करण्याआधी काय काय बोलून घ्यावं?

बोलणं बाळंतपणाची रजा संपायच्या आदल्या आठवड्यात होतं आणि तिथेच घोळ होतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले असतील तर कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. तेव्हा ते फक्त आईच्या दुधावर असतं, म्हणजे दूध काढून ठेवणं, ते साठवणं आणि वाटी-चमच्याने पाजणं हे सगळं आजीला शिकावं लागणार. त्यासाठी महिनाभर तरी हाताशी हवा.

सगळ्यात आधी वेळ बोला. ‘ऑफिस सुटल्यावर’ ही वेळ नव्हे. अंबडला सेकंड शिफ्ट करणाऱ्याचं सुटणं वेगळं आणि कॉलेज रोडच्या बँकेत असणारीचं वेगळं. सहाला येणार म्हटलं तर सहाला या. वाटेत खरेदी करून साडेसात वाजता आलात तर तो दीड तास तुम्ही आजीच्या संध्याकाळीतून घेतलात. एखाद्या दिवशी उशीर झाला तर कोणी काही म्हणत नाही. रोज झाला की आजी तुमच्याशी बोलत नाही, शेजारणीशी बोलते, आणि ते फिरून तुमच्यापर्यंत येतं.

मग सुट्टी. आठवड्यातून एक दिवस आजी-आजोबांचा पूर्ण मोकळा असावा. त्या दिवशी ‘जरा दोन तास बघता का’ हेही नको. त्यानंतर बोलायची गोष्ट म्हणजे मूल आजारी पडलं तर रजा कोण घेणार. याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक घरात ‘बघू’ असं असतं आणि ताप आल्यावर आजी एकटी रिक्षा शोधत असते. डॉक्टरांचा नंबर, दवाखान्याचा पत्ता, लसीकरणाचं कार्ड आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आणि घरकाम. मूल सांभाळायला आलेल्या आईने किंवा सासूबाईंनी पोळ्या, भांडी, कपड्यांच्या घड्या हेही करायचं, असं कोणी ठरवलेलं नसतं. ते आपोआप होऊन बसतं. म्हणून ठरवून त्यांच्याकडून काढून घ्या.

पैसे द्यावेत का? आईला पैसे देणं बरं दिसत नाही.

पगार म्हणून देऊ नका, पण खर्चाचे पैसे द्यायलाच हवेत. मूल त्यांच्या घरी राहत असेल तर दूध, फळं, गॅस, डायपर, दवाखान्याची रिक्षा हा सगळा भार पेन्शनवर पडतो. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम द्या, आणि ती आजीच्या खात्यात द्या, आजोबांच्या हातात नको. सिडकोतल्या कितीतरी आज्या शिवणकाम करायच्या, पोळ्यांची ऑर्डर घ्यायच्या, भिशी भरायच्या. नातवंड आलं आणि ते थांबलं. ही गेलेली कमाई कुणी मोजत नाही.

घेतच नसतील तर वेगळ्या वाटेने द्या. त्यांच्या घरी झाडू-फरशीला मावशी लावा आणि तिचा पगार तुम्ही द्या. आरोग्य विम्याचा हप्ता तुम्ही भरा.

सासूबाईंना काही सांगायचं असेल तर मी सांगू की नवऱ्याने सांगायचं?

नवऱ्याने. आणि तुमच्या आईला तुम्ही सांगायचं. आपल्या पोटच्या मुलाने सांगितलेलं आईला लागलं तरी दोन दिवसांत विसरलं जातं, सुनेचं किंवा जावयाचं बोलणं वर्षानुवर्षं आठवतं. मात्र तो कसं सांगतो याला फार महत्त्व आहे. ‘आई, तिला आवडत नाही गं, साखर घालू नकोस’ असं म्हणाला तर त्याने काहीच सांगितलं नाही, फक्त बायकोला पुढे केलं. ‘आई, आम्ही दोघांनी ठरवलंय, दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला साखर द्यायची नाही’ असं म्हणायला हवं.

‘मला मध्ये घेऊ नका’ म्हणणारे नवरे पाहिले की मला वाईट वाटतं. ते आधीपासूनच मध्ये असतात. त्यांनी बोलायचं टाळलं की दोन्ही बायका एकट्या पडतात.

बाळगुटी, मध, काजळ, धुरी... प्रत्येक गोष्टीवर वाद होतो. हट्ट कुठे धरायचा?

जिथे बाळाला इजा होऊ शकते तिथे अजिबात मागे हटू नका. बाकी सगळं सोडून द्या.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नाही, गुटी नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतात. गुटीतलं जायफळ, वेखंड किती वेढे उगाळलं याचं माप प्रत्येक हाताला वेगळं, सहाण किती स्वच्छ हेही सांगता येत नाही, आणि जायफळ जास्त झालं तर बाळाला गुंगी येते. मध वर्षभर बोटालासुद्धा नको. मधात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे बॉटुलिझम नावाचा आजार होतो आणि वर्षाखालच्या बाळाचं आतडं त्याला तोंड देऊ शकत नाही. बारशाला चांदीच्या वाटीतून मध चाटवायची हौस असेल त्या घरात हे आठ दिवस आधीच सांगून ठेवा, पाहुण्यांसमोर हात धरायची वेळ येऊ नये. वर्षापर्यंत मीठ-साखर नको, पिण्यासाठी गाईचं-म्हशीचं दूध नको. साखर तर दोन वर्षांपर्यंत टाळलेली बरी.

काजळ डोळ्यांत नको. बाजारातल्या अनेक काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि घरी धरलेल्या काजळानेही डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. दृष्ट लागू नये ही आजीची तळमळ खरी आहे, तिची टर उडवू नका. तीट कानामागे किंवा तळपायाला लावू द्या, संध्याकाळी मीठ-मोहरी ओवाळू द्या. अंघोळीनंतरची धुरी बंद करा, त्या धुराचा त्रास बाळाच्या छातीला होतो. नाकात-कानात तेल सोडणंही बंद. मालिश मात्र आजीनेच करावी, हलक्या हाताने. पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालणं तिच्याइतकं निगुतीने आपल्याला जमत नाही. बाळाला झोपवताना पाठीवर झोपवा, तोंडाजवळ मऊ उशा, दुपटी ठेवू नका.

द्राक्षांबद्दल वेगळं सांगते, कारण आपल्याकडे जानेवारीपासून प्रत्येक घरात पेटी येते. निफाडहून, दिंडोरीहून कोणी ना कोणी पाठवतंच. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोबर बसतं आणि श्वास बंद करतं. पाच वर्षांपर्यंत प्रत्येक द्राक्ष उभं कापून चार फोडी करूनच द्यायचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिवड्यातलं दाळं यांचंही तेच. आजोबा पेपर वाचता वाचता चिवड्याची मूठ पुढे करतात, त्यात वाईट हेतू काहीच नसतो. त्यांना एकदा नीट बसून कारण सांगा. ‘नको म्हटलं ना’ एवढंच ऐकलं तर ते तुमच्यामागे देतील, कारण समजलं तर ते स्वतः इतरांना अडवतील. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कारण तुमच्या तोंडून पटत नसेल तर लसीकरणाला आजीला सोबत न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून दिलेलं उत्तर ती मानते.

बाकी? झबलं कोणत्या रंगाचं, जावळ कधी, खिमटात तूप किती, अंगाई कोणती, दुपारची झोप झोळीत की अंथरुणावर, हे त्यांच्यावर सोडा. दिवसभर ज्याने सांभाळायचं त्याला काहीतरी स्वतःच्या मनाने करता आलं पाहिजे.

सासूबाई भरवताना मोबाइल लावून देतात. किती वेळा सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास. तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण संध्याकाळी दारातून आत येताच तुम्ही काय विचारता ते आठवा. ‘जेवला का? वाटी संपवली का?’ आजीला रोज या परीक्षेत पास व्हायचं असतं, आणि मोबाइल लावला की वाटी संपते. तो प्रश्न विचारणं सोडा. त्यांना सांगा, चार घास खाऊन उठला तरी चालेल, उपाशी राहणार नाही. जेवण्याची वेळ, काय वाढायचं आणि कुठे बसवायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलावर सोपवावं. आणि तुम्ही घरी असताना तुमचा स्वतःचा फोन बाजूला ठेवा, नाहीतर हे बोलणं टिकणार नाही.

आजोबा नातवाला स्कूटरवर पुढे उभं करून गंगापूर रोडला फिरवून आणतात. त्यांचा आनंद कसा हिरावून घ्यायचा?

इथे आनंदाचा विचार नंतर. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना मुलाच्या डोक्यावर हेल्मेट आणि चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. पुढे उभं केलेलं मूल नुसत्या ब्रेकनेही हँडलवर आपटतं. आजोबांना तो पट्टा आणि छोटं हेल्मेट तुम्हीच आणून द्या, किंवा फेरी पायी करायला सांगा. इंदिरानगरचा, गोविंदनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गोदाघाट आहे, सोमेश्वरला संध्याकाळी बसून नदी बघता येते.

फ्लॅट घेताना बाबांनी पैसे दिले. आता त्यांच्याकडे किल्ली आहे आणि ते केव्हाही येतात, कपाटंसुद्धा आवरतात. काही बोललं की ‘आमच्याच पैशांचं घर’ असं ऐकावं लागतं.

पाथर्डी फाट्यापासून मखमलाबादपर्यंत नवीन इमारतींमधल्या कितीतरी फ्लॅटमध्ये गावाकडच्या जमिनीचे पैसे आहेत. ते कशासाठी दिले आणि बदल्यात काय अपेक्षित आहे, हे देताना कुणी बोललेलं नसतं. आता बोला. किल्ली काढून घेऊ नका, तो अपमान होतो. येण्याआधी फोन करायचा एवढंच मागा. आणि कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही ते स्पष्ट सांगा. तुमची झोपायची खोली, तुमचं कपाट, बँकेचे कागद. बाकी स्वयंपाकघरातले डबे त्यांनी त्यांच्या पद्धतीने लावले तर लावू द्या.

पैसे देणाऱ्या आई-वडिलांनाही एक सांगते. घर किंवा पैसे देताना ‘म्हातारपणी सांभाळा’ ही अपेक्षा असेल तर ती बक्षीसपत्रातच अट म्हणून लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये अशी अट मोडल्यास व्यवहार रद्द ठरवून घेण्याची सोय आहे. दाद प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात मागता येते. हे कागदावर असलं म्हणजे रोजच्या येण्याजाण्यात हक्क दाखवावा लागत नाही.

मुलासमोर ‘तुझ्या आईला काही येत नाही’ असं म्हणतात.

हे एकदाही चालवून घेऊ नका. मूल हजर असताना उत्तर देऊ नका, पण त्याच दिवशी, मूल झोपल्यावर, ज्याचे आई-वडील त्याने जाऊन सांगायचं. तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही माणसं हवी असतात. एकाने दुसऱ्याला नावं ठेवली की ते घाबरतं किंवा दोघांना खेळवायला शिकतं. आणि तुम्हीही गाडीत बसल्या बसल्या आजीची नक्कल करू नका, मागच्या सीटवर सगळं ऐकू जातं.

आईकडे जास्त राहतो म्हणून सासरचे नाराज आहेत.

तासांची बरोबरी होणार नाही, करायलाही जाऊ नका. ज्यांच्याकडे कमी राहतो त्यांना एखादी गोष्ट पूर्णपणे त्यांची द्या. रंगपंचमी आजोळी, रामनवमी पंचवटीत बाबांच्या आई-वडिलांसोबत, असं काहीतरी, दरवर्षी न चुकता.

आम्ही आजी-आजोबा आहोत. आम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे का? लोक काय म्हणतील?

आहे, आणि तुम्ही तो वापरावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे. तुम्ही तुमची मुलं वाढवलीत. आता पुन्हा दहा तासांची ड्युटी लागलीच पाहिजे असा कुठलाही धर्म सांगत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका आजींना निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला जायचं होतं. त्र्यंबकेश्वरहून ज्येष्ठात निघालेली पालखी पोचायला जवळजवळ महिना लागतो. सुनेची नोकरी, नातू दीड वर्षाचा. त्या रडत म्हणाल्या, ‘पांडुरंगाला माझं कळेल.’ मी म्हटलं, मुलालाही कळू द्या, सांगून तर बघा. त्यांनी चैत्रातच सांगितलं. मुलाने पाळणाघरात महिन्याची जागा धरली, पंधरा-पंधरा दिवस दोघांनी आळीपाळीने लवकर घरी यायचं ठरवलं, आणि आजी गेल्या. आधी सांगितलं की घरं जुळवून घेतात, हे लक्षात ठेवा. ऐनवेळी सांगितलं की ते रुसणं वाटतं.

पिंपळगाव, ओझर, निफाडकडच्या द्राक्ष बागायतदार आजी-आजोबांचं गणित वेगळं असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारीपासून माल काढायची धांदल. त्या दिवसांत ‘नाशिकला या आणि बाळाला बघा’ म्हणणं म्हणजे वर्षाचं पीक सोडून या म्हणणं. तुमचं छाटणीचं वेळापत्रक मुलांना कॅलेंडरवर लिहून द्या. शहरात वाढलेल्या सुनेला ते माहीत नसेल तर तो तिचा दोष नाही.

पूर्ण नाही म्हणायचं नसेल तर जमेल तेवढं सांगा. ‘आठवड्याला तीन दिवस, दुपारी चारपर्यंत. बुधवार माझा, मी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजाराला जाते.’ कारण द्यायचीही गरज नाही, पण दिलंत तर खरं द्या. गुडघ्याचं खोटं कारण दिलं की मुलं गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेतात आणि प्रश्न तिथेच राहतो.

आम्ही पुण्यात नोकरीला, बाळ नाशिकला आईकडे. शनिवार-रविवार येतो. चालेल का?

काही महिन्यांची अडचण असेल तर घरं हे निभावतात. पण शेवटची तारीख ठरवा, नाहीतर वर्षं जातात. रोज ठरलेल्या वेळी बोला, आणि शनिवारी आलात की आंघोळ, भरवणं, झोपवणं तुम्हीच करा. पाहुण्यासारखी खेळणी घेऊन येऊन आजीच्या शिस्तीला नावं ठेवू नका. मूल आजीला ‘आई’ म्हणू लागलं तर तिच्यावर रागावू नका, तिने ते मागितलेलं नाही. आणि परत नेताना एका दिवसात उचलून नेऊ नका. आधी आजी चार-आठ दिवस तुमच्याकडे पुण्यात येऊन राहू द्या.

कंपनीने पाळणाघर द्यायला हवं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आयांनी एचआरकडे लेखी विचारावं. चार जणींनी मिळून विचारलं तर टाळणं अवघड जातं.

बोलणं फार टोकाला गेलं. महिनाभर अबोला आहे. आता?

आधी एक गोष्ट तपासा. मारहाण, कोंडून ठेवणं, पैसे किंवा दागिने काढून घेणं, वृद्धांना जेवण न देणं असं काही असेल तर ते घरातले मतभेद नव्हेत. महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर आहेत. लाज न बाळगता लावा.

तसं नसेल तर पहिला फोन ज्याचे आई-वडील त्यानेच करावा. फोनवर कोणाचं चुकलं हे काढू नये. ‘रविवारी त्याला घेऊन येतो, जेवायला थांबू’ एवढंच. त्या रविवारी वादाचा विषय नको, पुढच्या भेटीत काढा, मूल झोपलेलं असताना, चौघेही बसलेले असताना. कागद घ्या. कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, आजारी पडला तर कोण थांबणार, कोणत्या चार गोष्टी अजिबात द्यायच्या नाहीत, एवढं लिहा. आजी-आजोबांनाही त्यांच्या अटी लिहू द्या, आणि त्या आधी वाचा. कागदाची एक प्रत दोन्ही घरी राहू द्या, आणि दिवाळीनंतर पुन्हा काढून बघा, कारण तोवर मूल चालायला लागलेलं असतं आणि सगळ्या वेळा बदललेल्या असतात.